चौदाजणांच्या मागचे मास्तर

मास्तरांनी पहिल्या भेटीत माझं नावसुद्धा विचारलं नाही. माझ्या सॅकची चेन उघडली आणि सरळ कोपरापर्यंत हात आत घातला. चंदनसारला त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही उभे होतो, दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. कोणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर ते माझं एकेक सामान मांडत गेले. दुसरा टॉवेल. छत्री. चार पुडांचा स्टीलचा डबा. पाय शेकायची रबरी पिशवी. शेवटी सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा निघाला. मी शाळेत गणित शिकवते आणि माझे रविवार पेपर तपासण्यातच जातात. मास्तरांनी गठ्ठा तळहातावर तोलला आणि म्हणाले, "दीड किलो. बाई, ह्यांना काय डोंगर पास करणार आहे?" मला असा राग आला की तिथून रिक्षा करून घरी जावं. पण त्या वर्षी मी इतकी दमलेली होते, की भांडायलासुद्धा अंगात त्राण नव्हतं. मी गठ्ठा त्यांच्या बायकोकडे, वहिनींकडे, ठेवायला दिला.

ते शाळेतले मास्तर नव्हते. सगळा जन्म पोस्टात काढून निवृत्त झाले होते, त्यातली बरीच वर्षं पार्सलच्या खिडकीवर. वजन करणं त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. जवळ एक स्प्रिंगचा ताणकाटा असायचा. त्याला प्रत्येकाची सॅक अडकवायची, काटा डोळ्यांसमोर धरायचा, आणि आकडा असा वाचायचा की ऐकणाऱ्याला आपण पाप केल्यासारखं वाटावं. पाण्यासकट सहा किलो, त्याच्यावर काही नाही. "सहाच्या वर असतं ते सामान नसतं, भीती असते," हे त्यांचं वाक्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते फार शहाणं वाटलं. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा कंटाळा आला. पुढे पुढे ते बोलायला तोंड उघडायचे आणि आम्हीच वाक्य पुरं करायचो. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही.

आमच्या गटाला नाव नव्हतं, अजूनही नाही. महिन्यातून एकदा शनिवारी निघायचं, एक रात्र डोंगरावर काढायची आणि रविवारी दुपारी उतरायचं. जवळचेच डोंगर असायचे, कामणदुर्ग, टकमक, फार तर कोहोज. कोणीही यावं. पहिल्यांदा बूट घालणारा यायचा आणि सह्याद्री पालथा घातलेलाही यायचा. मास्तरांचा नियम असा, की पूर्ण गटात कुठलीही वस्तू एकच असायची. एक पातेलं, एक सुरी, एक औषधांचा डबा. कोणाकडे काय, हे आदल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये ठरायचं. संकेत नावाचा एक तरुण इंजिनियर होता, त्याचं सगळं सामान परदेशी आणि पिसासारखं हलकं. ब्रशची दांडीसुद्धा त्याने अर्धी कापली होती. तो अभिमानाने म्हणाला, "सर, माझी सॅक पाण्यासकट फक्त चार किलो आहे." मास्तरांनी काटा बघितला, मान डोलावली आणि म्हणाले, "छान. म्हणजे दोन किलोंची जागा आहे." आणि सगळ्यांचा तांदूळ त्याच्या सॅकमध्ये भरला. संकेतचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण तो पुढच्या महिन्यात आला, त्याच्या पुढच्याही आला.

दुसरा नियम जास्त कडू होता. सगळ्यात हळू चालणाऱ्याने सगळ्यात पुढे चालायचं, बाकीच्यांनी त्याच्या चालीने. बहुतेक गटांत उलटं असतं. दमलेला माणूस मागे पडतो, पुढचे थांबून त्याची वाट बघतात, आणि तो पोचला की विश्रांती घेतलेले लोक उठून चालू लागतात. बिचाऱ्याला बसायलाही मिळत नाही. मास्तरांना हे पटायचं नाही. ते पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांची चाल बघायचे आणि सगळ्यांसमोर, तोंडावर सांगायचे, "तुम्ही पुढे या." आडपडदा नाही, गोड बोलणं नाही. मला पहिल्याच दिवशी सांगितलं. अपमान झाला असं वाटून माझे कान तापले, पण वर पोचले तेव्हा कळलं, की आपण धापा न टाकता पोचलो आहोत.

अर्नाळ्याच्या हिराबाई आल्या तेव्हा माझी सुटका झाली. जन्मभर मासळी विकलेली बाई, वय साठीच्या पुढे, गुडघे बोलके. सुनेने डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरने चालायला सांगितलं, आणि ह्या थेट डोंगरावर आल्या. मास्तरांनी त्यांनाही तोंडावर सांगितलं. हिराबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "पुढं तर पुढं. बाजारात पन मी पुढंच बसायची. पन मास्तर, माझं पानी मी कोनाला देनार नाय." मास्तर हसले. ते हसायचे तेव्हा फक्त एक भुवई वर जायची. त्या दिवसापासून हिराबाई आमच्या पुढारी झाल्या.

मास्तर स्वतः कायम सगळ्यात मागे. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पुढून मोजणी सुरू व्हायची. हिराबाई "एक" म्हणायच्या, मग दोन, तीन, करत करत आवाज मागे यायचा. शेवटचा आकडा झाला, की मास्तर मागून खणखणीत ओरडायचे, "पोचलं." पोस्टातली सवय. ते ऐकलं की रांग पुढे सरकायची. मास्तरांना स्वतःला आकडा नव्हता. मोजणी घेणाऱ्याला कोण मोजणार? हा प्रश्न एवढ्या वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. मी तर गणिताची बाई.

माझी चाल सुधारली तशी मी मागे मागे सरकत गेले आणि शेवटी मास्तरांच्या लगेच पुढे आले. ही जागा मला आवडायची. मागे ते आहेत एवढं पुरायचं, बोलावं लागायचं नाही. आठवडाभर चार वर्गांशी बोलून घसा बसलेला असायचा. खरं सांगायचं तर त्या काळात मी डोंगरावर हवा खायला किंवा सूर्योदय बघायला जात नव्हते. मागे एक माणूस आहे आणि जबाबदारी त्याची आहे, ह्यासाठी जात होते. दोन दिवस कोणीतरी दुसऱ्याने मोजावं, एवढीच माझी हौस उरली होती.

एका पावसाळ्यानंतर त्यांचा श्वास मला ऐकू यायला लागला. आधी फक्त चढावर, मग सपाटीवरही. मोजणी आली की उत्तर यायला वेळ लागायचा. माझं चौदा म्हणून व्हायचं आणि मागे नुसती शिट्टीसारखी धाप. एकदा पुढचे लोक वळून बघायला लागले, तेव्हा मीच ओरडून टाकलं, "पोचलं." मला वाटलं, बरं झालं, लाज राखली. पुढच्या ट्रेकला दोनदा ओरडले. त्याच्या पुढच्या ट्रेकला जवळजवळ प्रत्येक वेळी मीच. मी मागे वळूनही बघायचं सोडून दिलं. बघितलं तर त्यांना अवघडल्यासारखं होईल, असं मी मनाला सांगत होते. खरं तर नियमाने त्यांना पुढे चालायला सांगायला हवं होतं, आणि ते सांगण्याची पाळी माझी होती. दुसऱ्या कोणाला माहीतच नव्हतं. पण सांगायचं म्हणजे मग त्यांच्या जागी मागे कोण, हा प्रश्न आला, आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. मला ती जागा नको होती. माझ्याकडून नाही होणार, मी दमले आहे, असं मी रोज स्वतःला सांगत होते.

टकमकचा चढ. सकवारहून जंगलातून वाट जाते, दोन्ही बाजूंना कारवी माणसापेक्षा उंच, पुढचा माणूससुद्धा धड दिसत नाही. सकाळचे दहा वाजले असतील. मोजणी आली, मी चौदा म्हटलं आणि श्वासही न घेता "पोचलं" ओरडले. पुढच्या मोजणीलाही तसंच. मग आम्ही खिंडीत पोचलो आणि सगळे टेकले. हिराबाई दर वेळी माणशी एक शेंगदाण्याची चिक्की आणायच्या, मोजून, कारण वजन. त्या वाटत वाटत माझ्यापर्यंत आल्या आणि हातातल्या शेवटच्या तुकड्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"बाई, ही कोनाची राह्यली?"

मी मागे बघितलं. वाट रिकामी होती.

संकेत सॅक टाकून खाली पळाला, मी त्याच्या मागे. किती वेळ उतरलो ते आठवत नाही. एका वळणावर मास्तर दगडावर बसले होते. एक बूट काढलेला, घोटा सुजून टम्म, आणि चेहरा राखेसारखा. संकेतने पाणी दिलं. त्याला वाटलं ते बेशुद्ध पडले असावेत, म्हणून तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "सर, हाक का नाही मारलीत? आम्ही लगेच आलो असतो."

मास्तर पाणी प्यायले. मग म्हणाले, "पाय मुरगळला तेव्हा आवाज फुटेना. फुटायला लागला, तेवढ्यात वरून कोणीतरी म्हणालं, पोचलं."

ते माझ्याकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी गड राहिला. गावातली चार माणसं बोलावून आम्ही त्यांना खाली आणलं. घोटा पंधरा दिवसांत बरा झाला असता, पण डॉक्टरांनी छातीही तपासली आणि चढ बंद केले. अगदीच सपाट, हळू चालायचं, एवढी परवानगी होती. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते कॉटवर पाय उशीवर ठेवून बसले होते. वहिनींनी चहा ठेवला आणि आत गेल्या.

"किती दिवस ओरडत होता तुम्ही माझ्या वतीने?" त्यांनी विचारलं.

"पावसाळ्यापासून."

"म्हणजे कळलं होतं तुम्हाला."

"हो."

"हिराबाईंना मी पहिल्या दिवशी सांगितलं. तुम्हाला सांगितलं. संकेतचा पाय दुखत होता तेव्हा त्यालाही पुढे काढलं. मला सांगायला तुम्हाला काय झालं होतं?"

"आदर होता, मास्तर."

"त्या आदरापायी मी पाऊण तास दगडावर बसलो, बाई."

आवाज चढलेला नव्हता. पार्सलवरचा पत्ता चुकला आहे, असं सांगावं तसं ते बोलले. मला रडू येत होतं आणि चहा निवत होता. मी म्हटलं, आपण समुद्रकाठाने चालू, कळंबपासून अर्नाळ्यापर्यंत, सगळं सपाट, तुम्ही पुढे चाला. ते नाही म्हणाले. "आता तुम्ही पुढे नेलंत, तर समजूत काढल्यासारखं होईल. वेळेवर सांगितलं असतं तर तो नियम होता." मी आणखी आग्रह केला नाही. करायला हवा होता का, ते मला आजही कळलेलं नाही.

ते परत आले नाहीत. वर्षभरात चंदनसारचा फ्लॅट विकून दोघं मुलीकडे नाशिकला गेली. निघताना आम्ही सगळे पार्किंगमध्ये जमलो होतो. टेम्पोत सामान चढत होतं आणि संकेत म्हणाला, "सर, हे सहा किलोंच्या वर जातंय." सगळे हसले, मास्तरांची भुवई वर गेली. माझ्याशीही ते नीट बोलले. शाळा कशी चाललीय, विचारलं.

गट अजून चालू आहे. मागे मी असते. मला हे नको होतं आणि अजूनही नको असतं. दर महिन्याला, निघायच्या आदल्या दिवशी, वाटतं की उद्या कोणाला तरी फोन करून ताप आला म्हणावं. नवीन माणसं येतात, सॅकमधून केस वाळवायचं यंत्र निघतं, मी ते काढून ठेवते, त्यांना राग येतो. हळू चालणाऱ्याला मी पहिल्या दहा मिनिटांत सांगते, सगळ्यांसमोर. मागच्या महिन्यात एका निवृत्त बँक अधिकाऱ्याला सांगितलं, तर त्याच्या बायकोने ग्रुपवर लिहिलं की मॅडमना बोलण्याची पद्धत नाही. नसेल. मोजणीत मात्र आता पंधरा आकडे असतात. पंधरावा माझा असतो, आणि त्याला उत्तर हिराबाई पुढून देतात.

गेल्या उन्हाळ्यात शाळेत मधल्या सुट्टीत वहिनींचा फोन आला. मास्तर गेले, झोपेतच गेले, दहा दिवस झाले होते. कोणाला लगेच कळवायचं नाही असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. मी विचारलं, नाशिकला त्यांचं मन रमलं होतं का. वहिनी म्हणाल्या, "रमलं की. सकाळी फिरायला जाणारी सात-आठ म्हातारी माणसं गोळा केली होती त्यांनी. पहिल्याच दिवशी त्यांना म्हणाले, मी सगळ्यांत हळू चालतो, मी पुढे राहणार. शेवटपर्यंत पुढेच चालायचे. फार आवडायचं त्यांना, वाट मोकळी दिसते म्हणायचे."

म्हणजे सांगितलं असतं, तर ते ऐकणार होते. मी ज्याला इतकी घाबरले, ते एवढंच होतं. वहिनी पुढे बरंच बोलत होत्या, मी हो हो म्हणत होते. मग घंटा झाली, नववीचा तास होता, आणि मी फोन ठेवून वर्गावर गेले.