उतरता ओटा

कुणी हे वाचलेच, तर माझे अक्षर आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्याव्यात. मी चौथीपर्यंतच शिकले.

आज सुनेने लोणच्यासाठी व्हिनेगरची बाटली उघडली आणि त्या आंबट वासाने मला आगाशी गावातले आमचे जुने स्वयंपाकघर आठवले. यांच्या फोटोच्या औषधाला असाच वास यायचा. दुपारी खिडकीला गोधडी लावून हे तिथेच फोटो मोठे करायचे. माझ्या दादाकडून पैसे उसने घेऊन आणलेले मशीन भिंतीला ठोकले होते. त्याच्याखाली, ओट्यावर, एका फळीवर फोटोचा कागद ठेवायचे. पण शाळेच्या ग्रुपफोटोत डावीकडची मुले पुसट यायची. "भावोजी, पोरांना धुक्यात उभी केलीत का?" दादा चिडवायचा. मास्तरांनी फोटो परत पाठवले. पुन्हा बिघडले असते तर मशीन विकावे लागले असते.

यांनी भिंग पुसले, ओळंबा लावून मशीनचा दांडा तपासला. लाल दिव्याच्या उजेडात मी ओट्यावर सांडलेले पाणी पुसत होते. शेवटी हळूच म्हटले, "अहो, आपला ओटाच मोरीकडे उतरता आहे. पाणी वाहून जावे म्हणून."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मला वाटले, फोटोला काय त्याचे."

हे हसतच सुटले. कागद सपाट राहावा म्हणून आम्ही फळीखाली मोरीकडच्या बाजूने पुठ्ठे सारले. पुढचा कागद औषधाच्या ट्रेमध्ये हलवताना डावीकडच्या मुलीची रिबीन स्वच्छ उमटली, आणि माझ्या छातीवरचे ओझे उतरले.

तेव्हा मशीन वाचल्याचाच आनंद होता. आता वाटते, त्या दुपारपासून मी यांच्याशी मोकळेपणाने बोलू लागले.

शाळेचे काम टिकले. पुढच्या भाऊबीजेला दादाला ओवाळले आणि राहिलेले सगळे पैसे मीच त्याच्या हातात ठेवले.