नरसम्माचा नळ

आमच्या आरोग्य खात्यातले आम्ही तिघे-चौघे रिटायर्ड लोक अजून महिन्यातून एकदा सोलापुरात चहाला जमतो. आधी अर्धा तास गुडघे, मग ब्लडप्रेशर, आणि ते संपलं की कुणीतरी म्हणतंच, "ते तेव्हाचं सांगा की हो!" शहराच्या तब्येतीची काळजी वाहायला बसवलेल्या माणसांकडे एवढे किस्से कसे साठतात, याचा मला पूर्वी अचंबा वाटायचा. आता वाटत नाही. कामं होत नसली की किस्से होतात!

*

सत्तरच्या दशकात मी सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. माझ्या वाट्याला पूर्व भागातली विणकरांची एक गल्ली होती. आतून मागांची खडखड, दारात बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या, आणि सगळ्या गल्लीचा पाण्याचा पाइप उघड्या गटारातून गेलेला. पाइपला भोकं. नळाचं पाणी बंद झालं की गटार पाइपात शिरायचं.

तिथं नरसम्मा राहायची. तेलुगू घरातली, पन्नाशीची, बोलायला सडेतोड. तिचा नातू आदल्या उन्हाळ्यात जुलाबानं गेला होता. आता नात झाली होती, दीड महिन्याची. पहिल्याच भेटीत ती मला म्हणाली, "इन्स्पेक्टर, पोरगी अजून आईच्या अंगावर हाय. वरचं पानी प्यायला लागायच्या आत तेवढा पाइप गटारातनं काढा की."

मी तडक मोठ्या साहेबांकडे गेलो. साहेब म्हणजे आमच्या खात्याचे डॉक्टर, सज्जन माणूस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला कारभार समजावला.

"हे बघा, पाइप पाणीपुरवठ्याचा. गटार ड्रेनेजचं. रस्ता बांधकामचा. आपले फक्त जुलाब!"

*

जुलाब आमचे, म्हणून आम्ही पोस्टर छापलं. 'पाणी उकळून प्या.' साहेब स्वतः ते लावायला गल्लीत आले. नरसम्मानं वळायची विडी सुपात ठेवून सगळं ऐकलं.

"कशावर उकळू?"

"स्टोव्हवर."

"रॉकेल रेशनवर मिळतंय. त्यात भात शिजवू का पानी?"

"मग लाकडांवर."

"हितं सूत हाय साहेब. लाकडं कुटली?"

साहेबांनी डायरी उघडली आणि लिहिलं, 'या वस्तीत आरोग्यविषयक अज्ञान फार आहे.' वाचून दाखवलं सुद्धा! मला लाज वाटली. तरी मी मान डोलावली, कारण प्रमोशन जवळ आलं होतं.

*

नरसम्माचा नवरा राजय्या पावरलूमवर कामाला. खोकून खोकून वाकलेला. एकदा टीबीच्या तपासणीला साहेब त्याच्या कारखान्यात गेले. सगळ्या खिडक्या बंद, हवेत कापसाची धूळ, समोरचा माणूस दिसेना.

साहेब ओरडले, "खिडक्या उघडा! मोकळी हवा हेच औषध!"

राजय्या म्हणाला, "खिडकी उघडली की वाऱ्यानं सूत तुटतंय, साहेब. सूत तुटलं की मालक पळत येतो. मी खोकतो तवा कोन येत न्हाई."

साहेबांनी त्याला खोकल्याचं औषध लिहून दिलं. मग बाहेर मोकळ्या हवेत आले आणि सिगारेट पेटवली.

*

आणीबाणीत नसबंदीचं टार्गेट आलं, तेव्हाची गंमत. खात्याला जीप एकच. नसबंदीला तीच, कॉलऱ्याच्या लसीलाही तीच. आम्ही लस घेऊन गेलो आणि जीप गल्लीच्या तोंडाशी दिसताच सगळे माग एकदम थांबले. मिनिटभरात एकही पुरुष नाही! काही माळ्यावर चढले, काही थेट शहराबाहेर, कुंभारी गावाच्या वाटेला लागले.

लस टोचणारे आमचे मुल्लासाहेब भोंगा घेऊन ओरडत होते, "अरे भागो नक्को रे! ये सुई हात की है, हात की!"

कुणी वळून बघेना. शेवटी एक म्हातारा काठी टेकत आला. दात नाहीत, डोळ्यांनी दिसत नाही.

"मला कुटली बी टोचा," तो म्हणाला. "आता काय फरक पडतोय?"

*

गल्लीच्या पाण्याचा नमुना दर महिन्याला प्रयोगशाळेत जायचा आणि दर महिन्याला 'पिण्यास योग्य' असा रिपोर्ट यायचा. मी पाइपसाठी अर्ज केला की साहेब तोच रिपोर्ट पुढं सरकवायचे. इकडे नरसम्माची नात रांगायला लागली होती.

एका महिन्यात रिपोर्ट आला, 'पिण्यास अयोग्य!' मी आनंदानं टेबलावर हात आपटला. साहेबांनी आमच्या शिपायाला, बाबुरावला बोलावून विचारलं, "नक्की कुठल्या नळाचं पाणी भरलंस?"

बाबुराव रडवेला झाला. "साहेब, त्या गल्लीपर्यंत सायकल मारायला लई लांब पडतंय. मी दरवेळी आपल्या हापिसच्या माठातलंच भरतो."

साहेबांच्या हातात त्याच माठातल्या पाण्याचा ग्लास होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला नवा पाइप, नवा नळ, नवा माठ. गल्लीला काही नाही!

*

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी स्वतः बाटली घेऊन गल्लीत गेलो. नरसम्मा नळाखाली घागर लावून बसली होती. नात तिचा पदर धरून उभी होती आणि पाण्याकडे हात करत होती.

"आता कुटवर अडवू हिला?" नरसम्मा म्हणाली.

मी बाटली भरली, बूच लावलं आणि वरच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'साहेबांचा बंगला, स्वयंपाकघरातला नळ.'

रिपोर्ट आला. पाण्यात मैला! चार दिवसांत पाणीपुरवठा, ड्रेनेज आणि बांधकाम, तिन्ही खात्यांचे इंजिनियर बंगल्याच्या अंगणात एकत्र उभे होते. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं, पण त्या दिवशी एकमेकांना चहा देत होती. बंगल्याचा पाइप उखडला, नवा बसला. जुना अगदी चांगला होता. त्याला झालं काय होतं?

तो हातगाडीवर चढवताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. "फार धोकादायक पाइप आहे हा. वस्तीपासून लांब टाका हं. बायकापोरं असतात."

"हो साहेब," मी म्हणालो.

दोन दिवसांनी तो पाइप गल्लीत, गटाराच्या वर, भिंतीला धरून बसला. तो बसवणाऱ्या पाणीपुरवठ्याच्या फोरमननं वहीत 'बंगल्याचं काम चालू' असं लिहिलं.

पाणी सुटलं. नरसम्मानं पितळी पेला भरला. नाकाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नाकाशी नेला. एक घोट पिऊन बघितला. गटाराचा वास नव्हता, चवही नव्हती. नात पेल्यासाठी रडायला लागली होती. नरसम्मानं पेला तिच्यापासून लांब धरला आणि आजूबाजूला बघत मला हळूच विचारलं,

"इन्स्पेक्टर, हे कुनाच्या घरचं पानी वो?"