पुंजाचं रडू

घोटीच्या भातगिरणीतला हमाल पुंजा मोठा हळवा माणूस. लेकीच्या पायात काटा मोडला तरी त्याचे डोळे भरून यायचे. १९३६ च्या उन्हाळ्यात तो पोत्यांच्या थप्पीवरून डोक्यावर पडला. जखम भरली, पण सांगितलेलं त्याच्या लक्षात राहीना आणि हसणं-रडणं तर पारच गेलं.

बायको अक्काबाई त्याला नाशिकला एका डॉक्टरांकडे नेऊ लागली. डोक्याला मार लागलेल्यांचा ते अभ्यास करत. दर खेपेला ते पुंजाला तेच प्रश्न विचारायचे. अक्काबाईला वाटे, हाच उपचार असावा.

पावसाळ्यात लेक तापानं गेली. तिला माती देऊन घरी आल्यावर पुंजा म्हणाला, "भाकर वाढ."

पुढच्या खेपेला लेक गेल्याचं ऐकून डॉक्टरांनी विचारलं, "लेकीसाठी रडला का तो?"

"नाय. साहेब, ह्यांचं रडू परत कवा येईल?"

"बहुधा येणार नाही, बाई. यावर औषध नाही. असं का होतं, एवढंच मी शोधतोय."

अक्काबाई पुन्हा नाशिकला गेली नाही. लेकीसाठी ती एकटीच रडायची. पुंजा शेजारी बसून विचारायचा, "काय झालं?" तिनं सांगितलं की मान हलवायचा आणि थोड्या वेळानं परत तेच विचारायचा.