माटोळीखालची मुलाखत

पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप शोधायची म्हणजे आधी माणूस शोधायचा, हे मला चौथा अर्ज परत आल्यावर कळलं. 'ही माझ्याकडे काम करील' असं कुणा प्राध्यापकाने लिहून दिल्याशिवाय विद्यापीठ अर्ज उघडतही नाही. मग मी वहीत चार रकाने आखले: विद्यापीठ, प्राध्यापक, पत्राची तारीख, उत्तर. उत्तराचा रकाना रुंद ठेवला होता. तेवढी गरज पडली नाही.

एकोणीस जणांना लिहिलं. अकरा गप्प राहिले. पाच जणांकडे जागा नव्हती. दोघांनी शुभेच्छा दिल्या, त्या मी नकारात धरल्या. परराज्यातल्या एका बाईंनी हो म्हटलं. तेव्हा मी डिचोलीच्या एका कॉलेजात लेक्चर बेसिसवर वनस्पतिशास्त्र शिकवत होते, आणि बायकांना मिळणारी सवलत धरूनही वयाच्या अटीत बसण्याचं ते माझं शेवटचं वर्ष होतं.

विषय होता माटोळी. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, फुलं आणि वेली बांधतात, ती. आमच्याकडची कुटुंबं हे सगळं घराजवळच्या रानातून स्वतः आणतात, असं माझ्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ठामपणे लिहिलं होतं.

मुलाखत ऑनलाइन होती आणि नेमकी चवथीच्या दुसऱ्या दिवशी. तिकडे त्या दिवशी सुट्टी नसते. इकडे आम्ही सगळे लाटंबार्शाला सासरच्या मूळ घरी, आणि तिथे नेटवर्क फक्त गणपतीच्या खोलीत.

मी भिंतीशी खुर्ची मांडली, तर सासूबाई दारात उभ्या. "देवाक पाठ करून बसतलंस गो?"

खुर्ची फिरवली. आता माझ्यासमोर लॅपटॉप, त्याच्यामागे गणपती, आणि माझ्या पाठीमागे घराचं उघडं दार. चवथीत ते बंद करत नाहीत.

पहिला प्रश्न चालू असतानाच दर्शनाला माणसं येऊ लागली. येणारा प्रत्येक जण उंबऱ्यात चपला काढून गणपतीला, म्हणजे पडद्यावर पाहिलं तर थेट निवड समितीला, हात जोडत होता. तिसऱ्या नमस्काराला समितीतल्या एका गृहस्थांनी उलट हात जोडले. अध्यक्षांनी हे कोण, असं विचारलं. शेजारी, म्हणून मी सांगितलं आणि पद्धतीवरच्या प्रश्नाचं उत्तर पुढे चालू केलं.

मग वरच्या वाड्यावरचे म्हातारे काका आले. हात जोडून झाल्यावर त्यांनी, सगळेच पाहतात तशी, मान वर करून माटोळी पाहिली. रानवेलीच्या लाल फळांवर, कवंडळांवर, त्यांची नजर थांबली. त्यांनी माझ्या दिराला हाक मारली.

"कवंडळां खंयसून हाडलंस रे?"

"म्हापशाच्या बाजारातसून."

"रान मागल्या दारात आसा, आणि तू म्हापशाक गेलंस?"

दीर म्हणाला की गेली तीन वर्षं तो तिथूनच आणतो, आणि काकांचा मुलगाही त्याच्याच गाडीतून जातो. काका खाली बसले आणि त्यांनी करंजी मागितली.

अध्यक्षांनी मला विचारलं की आता काय बोलणं झालं. सांगू नये असं एकदा मनात आलं. समितीत कोकणी कुणालाच येत नव्हती. पण माझं संशोधन या लोकांवरच होतं, आणि ते माझ्यामागे बसून करंज्या खात होते. मी शब्दन् शब्द सांगितला.

"म्हणजे तुमचं पहिलं पान चुकलं आहे," अध्यक्ष म्हणाले.

"हो सर. बाजारात ही फळं कुठून येतात, तिथून सुरुवात करायला हवी."

पुढे तीन प्रश्न झाले. तिन्ही बाजाराबद्दल होते आणि एकाचंही उत्तर मला येत नव्हतं. मी तसं सांगितलं आणि वहीत उतरवून घेतले.

पत्र दिवाळीनंतर आलं. फेलोशिप मंजूर होती, सुधारित पहिलं पान पंधरा दिवसांत पाठवण्याच्या अटीवर. ते मी चवथीच्या तिसऱ्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. दिराला म्हापशाला सोबत नेऊन.