काकूंचा उजवा खिसा

खिशात हात घालून चालणाऱ्या माणसावर काकूंचा विश्वास नसे. स्वतः बोलायला लागल्या की त्यांचे दोन्ही हात असे फिरत, की जर्मनीतल्या न्युरेम्बर्गच्या उ-बानमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, शेजारचे प्रवासी आपापले चष्मे सांभाळून बसत.

माझ्या मित्राची, निरंजनची ही आई. नागपूरहून तरुणपणी संशोधनाला आलेली, पुढे एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासणारी. वापरून पाहिल्याशिवाय वस्तू पास करायची नाही, हा खाक्या घरीही चाले. बूट घेताना त्या दुकानात पळत. पलंग घेताना तिथेच झोपल्या. घोरल्यासुद्धा! मी पहाऱ्याला उभा होतो.

एका बुधवारी बुद्धिबळाच्या क्लबातून परतताना फलाटावर एका दांडगटाने त्यांचा मफलर ओढला आणि "आपल्या देशात चालती हो" म्हणून तो ओरडला. निरंजन हादरला. "आई, यापुढे अंधार पडल्यावर बाहेर जायचं नाही."

"माझा घोडा अडीच घरं चालतो आणि मी एकाच घरात बसू?" काकू कडाडल्या.

त्यांनी पिस्तूल घ्यायचं ठरवलं. गोळीचं नव्हे, नुसता बार आणि तिखट वायू सोडणारं. बाळगायचा परवानाही रीतसर काढला. सारथी म्हणून अर्थातच मी.

दुकानात त्यांनी आधी कोटाच्या उजव्या खिशात किल्ल्या, रुमाल, खोकल्याच्या गोळ्या कोंबल्या. "रिकाम्या खिशात काय, काहीही मावतं." पहिलं पिस्तूल बाहेर काढताना अस्तरात अडकलं. टर्रर्र! दुसरं छान सपाट होतं, पण हातमोज्यातलं बोट चापापर्यंत जाईना. "हल्लेखोराला काय सांगू? थांब बाबा, मोजा काढते?" तिसरं मात्र चपखल बसलं. ना अडकलं, ना कोट खाली ओढला गेला. "गेनाऊ! अगदी बरोब्बर!" दुकानदार खुलला.

"चालून बघते," काकू म्हणाल्या. खिशातल्या पिस्तुलावर हात ठेवून निघाल्या आणि समोरच्या आरशापाशी थबकल्या. खांदे पडलेले, मान आत ओढलेली, हात खिशात गाडलेला.

"नौटंकी," माझ्या नाटकी बोलण्यामुळे त्या मला याच नावाने हाक मारत, "ही घाबरट बाई कोण रे?"

मी पुढे होऊन आरशासमोर त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

त्यांनी पिस्तूल काउंटरवर ठेवलं. "वस्तू उत्तम आहे. पण ती खिशात असली की मी नापास होते."

"आणि तो माणूस परत आला तर?" घरी निरंजनने विचारलं.

"तर माझे दोन्ही हात मोकळे असतील."

पुढच्या बुधवारी त्याच फलाटावर, बरोब्बर त्याच जागी उभं राहून त्यांनी मला जिंकलेला डाव साभिनय ऐकवला. अख्खा फलाट बघत होता. त्यानंतर त्यांनी एकही बुधवार चुकवला नाही, थेट शेवटच्या आजारपणापर्यंत.

आता काकू नाहीत. बुधवारी मी त्या फलाटावर उभा राहतो, बोटं गारठली तरी हात खिशाबाहेर. कुणी रोखून पाहिलं, की मोठ्याने, मराठीत, हातवारे करत काकूंचा तो डाव सांगू लागतो. ऐकायला सोबत कुणी नसलं तरी.