डाळिंबासाठी कुणीतरी मध्ये पडा

मंडळी, आज सकाळपासून डोकं फिरलंय. दारातलं डाळिंब तीन वर्षं झाली, फळ देत नाही. पाण्याच्या बादल्या उचलून पाठ धरली. म्हटलं, आता तोडायचंच.

पन्नास-बावन्न सालची गोष्ट. मंगळवार पेठेत आमच्या परसात असाच एक आळशी पेरू होता. आई कोयता उगारून त्याला दम भरायची, "देतोस का न्हाय? का तोडू?"

मी मध्ये पडायचं, "नको गं आई, पुढल्या साली देईल की!" रीतच होती तशी. एकानं धमकवायचं, दुसऱ्यानं झाडाला जामीन राहायचं.

एकदा मी खेळायला पळालो. परत येऊन बघतो तर आई तशीच कोयता धरून उभी.

"कुठं गेलतास रं? हात अवघडला की माझा!"

पुढं पेरू लागले का, ते आता आठवत नाही.

आज मी डाळिंबावर कोयता उगारला आणि सवयीनं थांबलो. घरात मी एकटाच. मागनं कुणीच बोललं नाही. कोयता खाली ठेवून तुम्हाला लिहायला बसलोय.

कुणीतरी 'नको' म्हणा की.