कमरेवरचा हात

शेजारच्या सुनंदाताई गच्चीवर एका हाताने कपडे वाळत घालत होत्या. दुसऱ्या हाताने त्यांनी सलवार कमरेशी घट्ट धरली होती.

ताई अंगणवाडीत शिकवतात. अंगणवाडीचं छप्पर पडायला आलंय म्हणून गेल्या आठवड्यात त्या कचेरीसमोर फलक घेऊन नुसत्या बसल्या होत्या. पोलिसांनी उचलून कोठडीत टाकलं. टाकण्याआधी सलवारीची नाडी काढून घेतली. आत कुणी गळफास लावून घेऊ नये, म्हणून तसा नियमच आहे म्हणे. बाईच्या जिवाची केवढी ही काळजी! मग तासाभराने तिथेच "दे आता घोषणा" म्हणत थोबाडीत मारल्या, तेव्हा ती काळजी कुठे चरायला गेली होती कुणास ठाऊक. तोंड वाचवायला ताईंना एकच हात मोकळा होता.

मला मारणाऱ्याइतकाच त्या नाडीवाल्या नियमाचाही संताप येतो. नाड्या मोजून काढतात, मोजून परत देतात, आणि मधल्या वेळाचं कुणी विचारत नाही.

"तक्रार केलीत ना?" मी कठड्यावरून विचारलं.

"केली. वळ दाखवा म्हणाले. गाल काय आठवडाभर लाल राहतो?"

"आणि नाडी? ती दिली ना परत?"

"दिली की. दोन गाठी मारून बांधलीय."

एवढं बोलून ताईंनी पुढचा टॉवेल उचलला. एकाच हाताने.